वायफाय मंद चालते? आधी भिंत पाहा, मग बिल वाढवा



ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना घरावरचा ॲन्टेना नक्की आठवत असेल. रविवारी सकाळी सारी गल्ली एकाच टीव्हीपुढे बसलेली असायची. ऐन वेळी पडद्यावर मुंग्या यायच्या. मग घरातला थोरला पोरगा माळवदावर चढायचा, बांबू फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" खालून सगळे एका सुरात, "गेलं! मागं फिरव! थांब, थांब, आता आलं!" पोराने हात सोडला की चित्र पुन्हा गायब.

तो बांबू गेला, तो ॲन्टेनाही गेला. पण रेंजसाठी वर चढणे काही संपले नाही. गेल्या उन्हाळ्यात उमरगा तालुक्यात थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. दुपारचे दोन वाजलेले. ऊन असे की अंगणात पाय ठेववत नव्हता. पाहतो तर भाची बाहेरच्या जिन्यावर, पायरीवर पोते टाकून, डोक्यावर ओढणी घेऊन मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. मला पाहून उठली.

"जयभीम मामा. बसा आत. माझा पेपर चालू आहे."

"अगं, पण उन्हात का?"

"घरात फिरतंय नुसतं गोल गोल. इथं जरा येतंय."

ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दर रविवारी तिच्या वर्गाचा सराव पेपर ऑनलाइन असतो. मागच्या रविवारी त्रेसष्टाव्या प्रश्नाला पडदा गोठला, वेळ संपली आणि पेपर जमाच झाला नाही. पोरीने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले होते, असे बहिणीने सांगितले. आणि घरात वायफाय होते बरे का! बाहेरच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेटची मॅच झकास चालू होती.

बहीण म्हणाली, "साडेचारशे भरते रे महिन्याला. आता तो जोडणीवाला म्हणतोय, सातशेचं घ्या, मग पळंल. बचत गटातनं उचलावं का, असं चाललंय डोक्यात."

मी म्हणालो, "आक्का, एक दिवस थांब. आधी बघू दुखणं कुठं आहे. नाहीतर पोट दुखतंय आणि औषध डोक्याचं, असं व्हायचं."

त्या एका दिवसात जे केले, तेच आज येथे मांडतो. यात कोणतीही मोठी विद्या लागत नाही. चौथी-पाचवीचे गणित आणि थोडा धीर पुरतो.

नळ मंद की बादली गळकी?

पहिली गोष्ट लक्षात घ्या. इंटरनेट आणि वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांबावरून घरात जी बारीक तार येते, ते इंटरनेट. तो नळ समजा. त्या नळाचे पाणी घराच्या कोपऱ्यापर्यंत बिनतारी पोचवते ते वायफाय. ती बादली समजा. नळाला पाणीच कमी असेल, तर तक्रार कंपनीकडे करायची. पण नळ धो धो वाहत असेल आणि बादलीच गळकी असेल, तर मोठा नळ घेऊन काय उपयोग? शिवारात विहिरीवर मोठी मोटर बसवली, पण पाट फुटलेला असला, तर टोकाच्या रानाला पाणी जाईल का?

म्हणून सर्वांत आधी राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून वेग मोजावा. मोबाईलवर स्पीड टेस्ट मोफत होते. शक्य असल्यास शेजारच्या कोणाचा लॅपटॉप आणून तो केबलने राउटरला जोडून मोजावा. ती मोजणी सर्वांत खरी. मग ज्या खोलीत अडचण आहे, तिथे जाऊन पुन्हा मोजावे. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ-नऊला, असे तीन वेळा मोजून वहीत लिहून ठेवावे.

बहिणीकडे ४० एमबीपीएसची जोडणी होती. राउटरजवळ ३८ भरले. स्वयंपाकघरात, जिथे भाची अभ्यासाला बसते, तिथे भरले ३. निकाल लागला! नळात पाणी होते. सातशेचे बिल भरले असते, तरी स्वयंपाकघरात तीनचे फार तर साडेतीन झाले असते.

येथे एक घोटाळा दूर करतो. बिलावरचा एमबीपीएस हा आकडा 'बिट'चा असतो आणि चित्रपटाचा किंवा पुस्तकाचा आकार 'बाइट'मध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइटच उतरणार. त्यात फसवणूक नाही, भागाकार आहे. आणि ऑनलाइन वर्ग किंवा व्हिडिओ कॉलला २ ते ३ एमबीपीएस स्थिरपणे मिळाले, तरी भागते. म्हणजे एका घरातली चार-पाच माणसे ४० मध्ये सुखाने नांदू शकतात. प्रश्न वेगाचा कमी आणि तो पोचण्याचा जास्त असतो.

आपल्या घरांच्या भिंती

आता पोचत का नाही? बहिणीचे घर पाहिले आणि कारण समोर दिसले. पुढची खोली जुनी, दगड-मातीची. भिंतीची जाडी अडीच फूट. मागे नंतर काढलेली सिमेंटच्या विटांची खोली आणि त्यावर लोखंडी पत्रे.

या भिंती आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नकोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली, तेव्हा लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसे अशाच जाड भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली गाडली गेली. सास्तूरसारखी गावे उभीच राहिली नाहीत. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या अनेक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्यामुळे आज आपल्याकडे एकाच गल्लीत तीन तऱ्हेची घरे दिसतात: जुनी दगडी, नवी सिमेंट-सळईची आणि पत्र्याची. वायफायच्या दृष्टीने तिन्हींचा स्वभाव वेगळा.

वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. त्या भिंतीतून जातात, हे आपल्याच देशातल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये दाखवून दिले होते. तारेवाचून, मधल्या भिंतीपलीकडची घंटा त्यांनी वाजवली. पण भिंतीतून जाताना लहर थकते. दगड आणि माती ती शोषून घेतात. भिंत ओली असेल, तर आणखी जास्त, कारण पाणी या लहरी पिऊन टाकते. पावसाळ्यात वायफाय मंद होते, अशी तक्रार जुन्या घरांतून येते, त्याचे एक कारण हेही असू शकते. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई लहरीला अडवते. आणि लोखंडी पत्रा तर तिला सरळ माघारी फेकतो, आरशाने कवडसा फेकावा तसा.

मोबाईलवर वायफाय मोजण्याचे मोफत ॲप मिळते. त्यात डीबीएम नावाचा उणे आकडा दिसतो. उणे असल्यामुळे तो उलटा वाचायचा. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे अडखळतो आणि उणे ८० च्या पुढे नावाला जोडणी, कामाला शून्य. दर १० ने लहरीची ताकद दहावा हिस्सा उरते, म्हणजे २० ने शंभरावा. बहिणीच्या पुढच्या खोलीत उणे ४८ होते आणि स्वयंपाकघरात उणे ८३. पस्तीसचा फरक! पुढच्या खोलीतल्या लहरीचा सुमारे तीन हजारावा हिस्सा पोरीच्या पुस्तकापर्यंत पोचत होता.

राउटर कोनाड्यात

आणि राउटर होता कुठे? भिंतीतल्या कोनाड्यात. जोडणीवाल्याने तार रस्त्याच्या बाजूने आत घेतली, समोर रिकामा कोनाडा दिसला, पेटी बसवली आणि गेला. पुढे टीव्ही, शेजारी स्टीलचा डबा. दिसायला सुबक. पण राउटरच्या तीन अंगांना दगड आणि चौथ्या अंगाला टीव्हीचे पत्र्याचे पाठाड. दिवा ठेवायला बांधलेली जागा ती. दिव्याचा उजेडसुद्धा कोनाड्यातून समोरच पडतो, मागच्या खोलीत पडत नाही.

राउटरसाठी जागा कशी निवडावी?

घराच्या साधारण मध्यावर, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, मोकळ्या लाकडी फळीवर. लोखंडी कपाटावर नको, भांड्यांच्या मांडणीमागे नको, आरशामागे नको, पाण्याच्या टाकीलगत नको, फ्रीजवर नको. मायक्रोवेव्ह भट्टी असेल तर तिच्यापासून दूर, कारण ती २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वायफायचा एक पट्टा नेमका तिथेच आहे. जाड भिंतीच्या घरात राउटर दाराच्या रेषेत ठेवावा. लहर भिंतीतून थकून जाण्यापेक्षा उघड्या दारातून सरळ जाते. राउटरला उभ्या दांड्या असतील तर त्या उभ्याच ठेवाव्यात. लहर दांडीच्या टोकातून नव्हे, तर बाजूने पसरते.

एक सावधगिरी. घरात येणारी बारीक तार काचेची असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. ती ओढू नका, खिळ्याला घट्ट गुंडाळू नका. बांगडीपेक्षा लहान वेटोळे केले की प्रकाश वळणावरच सांडतो. पेटीवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर समजावे की प्रकाश पोचत नाही. मग आपण हात न लावता कंपनीला कळवावे.

बहिणीकडे खिळ्याला तारेचे दोन-तीन मीटरचे वेटोळे होते. ते अलगद सोडवले आणि राउटर मधल्या दाराशेजारी फळीवर आणला. स्वयंपाकघरात उणे ८३ चे उणे ६६ झाले. वेग ३ चा २२. एक रुपयाही खर्च नाही. बहीण म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

दोन पट्टे आणि तेरा वाटा

आजच्या बहुतेक राउटरमध्ये दोन पट्टे असतात: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे पहिला पट्टा २००५ साली आणि दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ साली सर्वांना विनापरवाना वापरण्यास खुला झाला. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभराहून कमी. ५ ची त्याच्या निम्म्याहूनही लहान. लांब लहर भिंती बऱ्या ओलांडते, पण वेग कमी. लहान लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. म्हणून ज्या खोलीत राउटर आहे तिथे ५ चा पट्टा वापरावा आणि भिंतीपलीकडे २.४ चा. मोबाईलला दूरच्या खोलीत ५ वर अडकून बसण्याची सवय असेल, तर दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत आणि हाताने निवड करावी.

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाटा आहेत. त्यांना चॅनल म्हणतात. पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना न घासता चालणाऱ्या तीनच: १, ६ आणि ११. खेड्यात घरे दूर असतात, तिथे ही अडचण थोडी. पण धाराशिव, उमरगा, कळंब यांसारख्या शहरांच्या दाट गल्ल्यांत एकाच वाटेवर दहा राउटर उभे असतात. एकजण बोलताना बाकीच्यांना गप्प बसावे लागते. ॲपमध्ये पाहून १, ६, ११ पैकी जी वाट कमी गर्दीची असेल ती निवडावी. मधली ३ किंवा ८ घेऊ नये. तिने दोन्हीकडचे बोलणे ऐकू येते आणि कामही बिघडते. आणि रुंदी २० वर ठेवावी. ४० ठेवल्यास वेग वाढल्यासारखा वाटतो, पण आपण दोन माणसांची जागा अडवून बसतो आणि भांडणही ओढवून घेतो.

बरेच जण ताकद 'हाय' करतात आणि काम झाले असे समजतात. ते अर्धेच खरे. राउटर मोठ्याने ओरडला तरी मोबाईलचा आवाज लहानच असतो. त्याला राउटरचे ऐकू येते, पण त्याचे राउटरला ऐकू जात नाही. मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण, पण पान उघडत नाही, असे होते ते यामुळेच. उपाय ओरडण्यात नाही, जवळ जाण्यात आहे.

जुना राउटर फेकू नका

जवळ कसे जायचे? येथेच खरा फायदा आहे. बहिणीकडे आधीच्या जोडणीचा एक जुना राउटर ट्रंकेत पडून होता. त्याला दुसऱ्या खोलीत कामाला लावले. बाजारात मिळणारे बूस्टर दोनदा विचार करून घ्यावेत. साधा बूस्टर एकाच तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो लावतात तिथे, जिथे रेंज नाही! ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? तो घ्यायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर, चांगली रेंज असलेल्या जागी लावावा. त्यापेक्षा केबल टाकणे केव्हाही उत्तम.

आम्ही उमरग्याहून केबल आणली, दोन्ही टोकांना पिना लावून घेतल्या. खर्च साडेचारशे रुपये, म्हणजे एका महिन्याचे बिल. केबल छताच्या कडेने, दारावरून मागच्या खोलीत नेली. मग भाचीलाच बसवले आणि म्हटले, "तू कर. मी फक्त सांगतो." तिने केले ते असे:

१. जुना राउटर बारीक छिद्रातली कळ दाबून मूळ अवस्थेत आणला आणि मोबाईलने त्याला जोडून त्याचे पान उघडले.

२. त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असल्यास तो निवडायचा होता, काम सोपे झाले असते. तिच्या राउटरमध्ये तो नव्हता. म्हणून राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, कारण पुढच्या राउटरचा १९२.१६८.१.१ होता. एका घरात एका पत्त्याची दोन माणसे नकोत.

३. डीएचसीपी बंद केले. मोबाईलला क्रमांक वाटण्याचे काम एकट्या पुढच्या राउटरने करावे. दोघे वाटू लागले की गोंधळ.

४. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पुढच्या राउटरसारखाच ठेवला. म्हणजे घरात फिरताना मोबाईल आपोआप जवळच्याला धरतो.

५. पुढचा राउटर चॅनल १ वर, मागचा ११ वर.

६. केबल मागच्या राउटरच्या लॅन छिद्रात घातली, इंटरनेटच्या वेगळ्या रंगाच्या छिद्रात नाही.

अर्ध्या तासात झाले. पहिल्यांदा केबल चुकीच्या छिद्रात गेली, ती तिनेच शोधून काढली. स्वयंपाकघरात उणे ४५ आणि वेग ३७. केबलला वेग कमी भरला असता, तर पिनेतल्या आठही तारा जुळल्या आहेत का, ते पाहावे लागले असते.

केबल घराबाहेरून नेणार असाल, तर वळवाच्या विजांची काळजी घ्या. गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही टोके काढून ठेवा.

पस्तीस मुले आणि एक राउटर

घराइतकीच अडचण आपल्या अभ्यासिकांची आहे. धाराशिव शहरातील एका वस्तीत वर्गणीतून चालणारी अभ्यासिका आहे. संध्याकाळी सातला पस्तीस मुले-मुली येतात. शंभर एमबीपीएसची जोडणी असूनही आठ वाजता सगळे ठप्प. चालक मंडळी दोनशेची जोडणी घेण्याच्या विचारात होती. रात्री आठला केबलने मोजले तर ९२ भरले. म्हणजे येथेही नळ धडधाकट!

राउटर कार्यालयाच्या खोलीत, लोखंडी कपाटावर होता. हॉलच्या दूरच्या टोकाला बसलेल्या मुलांना रेंज अपुरी. येथे एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. दूरच्या, दुबळ्या रेंजच्या मोबाईलचे बोलणे फार सावकाश चालते आणि ते पुरे होईपर्यंत जवळच्यांनाही थांबावे लागते. टोकाच्या एका मुलाची अडचण ही अशी साऱ्या हॉलची अडचण होते. त्याला दटावून, उठवून काही होणार नाही. त्याच्यापर्यंत रेंज नेली तरच सगळ्यांचे सुटते.

तिथे हॉलच्या दोन टोकांना, आठ फूट उंचीवर दोन ॲक्सेस पॉइंट केबलने बसवले. २.४ च्या पट्ट्यात एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११. ५ च्या पट्ट्यात एकाला ३६, दुसऱ्याला १४९. ताकद मुद्दाम 'मध्यम' ठेवली. ती जास्त ठेवली असती, तर दाराजवळच्या ॲक्सेस पॉइंटला धरलेला मोबाईल आत गेल्यावरही त्यालाच चिकटून राहिला असता. मुलांना एकच नियम सांगितला: अभ्यासिकेत फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढवण्याची सोय बंद ठेवा. चढती वाट अरुंद असते. एकाने लग्नाचा व्हिडिओ वर पाठवला की बाकीच्यांची पोचपावतीसुद्धा रांगेत अडकते आणि सगळ्यांचे सगळे थांबते. आता पस्तीस जण शंभरात अभ्यास करतात. वाचलेल्या वर्गणीतून संदर्भग्रंथ आले.

वीज, ऊन आणि कुलूप

राउटर रोज बंद-चालू करावा लागत असेल, तर ती सवय नव्हे, दुखणे आहे. पत्र्याखाली मे महिन्यात तो तापतो. त्याच्यावर रुमाल, तोरण, कॅलेंडर काही टाकू नका. अडॅप्टर जळाल्यावर दुसरा लावताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त आहेत, हे त्यावरच्या चिठ्ठीवर वाचून घ्या. वीज जाते तेव्हा राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. परीक्षेच्या दिवसांत त्याचा मोठा आधार होतो.

पासवर्ड १२३४५६७८ असेल, तर आजच बदला. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा आणि राउटरच्या आतल्या पानाचा मूळ पासवर्डही बदला. शेजाऱ्याच्या मुलाला अभ्यासाला वायफाय द्यायचे असेल, तर जरूर द्या. त्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे नाव तयार करता येते.

आणि केबलने मोजूनही वेग कमीच भरला तर? मग दोष कंपनीच्या बाजूचा. आधी ठरलेली डेटा मर्यादा संपली आहे का, ते पाहा. संपल्यावर वेग उतरतो. नसेल, तर वहीतले तीन वेळांचे आकडे घेऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तेवढ्याने भागले नाही, तर प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे जा. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग असावा, असा नियम आहे. तोंडी भांडणापेक्षा लिहिलेला आकडा जास्त बोलतो.

शेवटचे तीस फूट

ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. २०१८ साली आपला जिल्हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. योजना येतील, खांब येतील, तार दारापर्यंत येईल. पण दारापासून पोरीच्या पुस्तकापर्यंतचे शेवटचे तीस फूट कोणतीही योजना जोडून देणार नाही. ते आपल्यालाच जोडायचे आहेत.

आणि एक विचारतो, राग मानू नका. आपल्या घरात राउटर कोठे आहे? बहुतेक घरी तो पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ, पुरुष मंडळींच्या बैठकीत असतो. मुलगी अभ्यासाला कोठे बसते? मागे, चुलीजवळ, भाजी निवडता निवडता. जिथे रेंज नाही तिथे ती आणि जिथे रेंज आहे तिथे मॅच. हे कोणी ठरवून केलेले नसते. जोडणीवाल्याने पेटी लावली आणि आपण ती तिथेच राहू दिली. पण एकदा लक्षात आल्यावर ती तिथेच ठेवणे, हे मात्र आपले ठरवणे होते.

पुढच्या रविवारी भाचीचा फोन आला.

"मामा, झाला पेपर जमा. अकरा मिनिटं शिल्लक ठेवून."

"कुठं बसली होतीस?"

"घरातच की. पंख्याखाली."

पलीकडून बहिणीचा आवाज आला, "तिला सांग, शेजारच्या काकी बोलवायला आल्यात. त्यांचाबी राउटर कोनाड्यातच आहे."